घरीं बांधलेल्या विमानाचें इंजिन : दोष कोठें शोधावा?

अमेरिकेंत स्वतःचें विमान स्वतःच्या हातांनीं बांधणाऱ्या हौशी मंडळींचा एक मोठा वर्ग आहे. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं विस्कॉन्सिन संस्थानांत या लोकांची संस्था स्थापन केली, आणि १९७० पासून त्याच संस्थानांतील ऑशकॉश गांवीं तिचा मेळा भरूं लागला. तेथील नियमाप्रमाणें विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसानें शिक्षणासाठीं किंवा विरंगुळ्यासाठीं बांधलेला असला, म्हणजे त्यास 'प्रायोगिक' वर्गांत उड्डाणाची परवानगी मिळूं शकते. इंजिन कोणतें बसवावें हें बांधणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. हें स्वातंत्र्य मोठें आहे, आणि त्याची जबाबदारीहि तेवढीच मोठी आहे. कारण मोटारीचें इंजिन बिघडलें तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करतां येते. आकाशांतील वाटेला कड नसते.

या मंडळींपैकीं कांहीं जण माझदा मोटारींतील रोटरी इंजिन, म्हणजेच वांकेल इंजिन, विमानाला बसवितात. पहिल्या महायुद्धांतील विमानांचीं जीं रोटरी इंजिनें प्रसिद्ध आहेत, त्यांत सिलिंडरांसह सारें इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरत असे. वांकेल इंजिन त्याहून सर्वस्वीं निराळें. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरून तें १९५७ सालीं एन. एस. यू. कारखान्यांत प्रथम चाललें. त्यांत खालींवर होणारा दट्ट्या नाहीं, आणि झडपाहि नाहींत. मध्यें किंचित् आवळलेल्या एका लंबगोल कोठींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्यास रोटर म्हणतात. रोटरच्या तीन बाजू व कोठीची भिंत यांमध्यें तीन कप्पे होतात, आणि हवा घेणें, दाबणें, जाळणें व बाहेर टाकणें हीं कामें प्रत्येक कप्प्यांत क्रमानें चालतात. रोटरच्या तिन्ही टोंकांस खांचेंत बसविलेली एकेक बारीक पट्टी असते. ती भिंतीवर घासत जाते व एका कप्प्यांतील दाब शेजारच्या कप्प्यांत जाऊं देत नाहीं. इंजिनाचें सारें बळ या पट्ट्यांवर अवलंबून असतें.

विमान वर चढूं लागलें, कीं हवा विरळ होते. १०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें ७० टक्के राहतो, व १८,००० फुटांवर निम्मा. हा तोटा भरून काढण्यासाठीं टर्बोचार्जर लावतात. बाहेर पडणारे तप्त वायु एक लहानसें चक्र फिरवितात, आणि त्याच आंसावरचें दुसरें चक्र हवा दाबून इंजिनांत ढकलतें. १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस यांनीं कोलोराडोंतील पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंच पर्वतावर एक विमानी इंजिन नेऊन हा उपाय सिद्ध करून दाखविला. मात्र वांकेल इंजिनांतून बाहेर पडणारे वायु फारच तप्त असतात. आणि मोटारींत टर्बोचार्जरला अधूनमधून जो भार पडतो, तो विमानांत सतत वाहावा लागतो.

आतां समजा, असें एक विमान चढत असतां त्याची शक्ति अकस्मात् घटली. वैमानिक सुखरूप उतरला, आणि इंजिन उघडून पाहिलें तों टर्बोचार्जरच्या चक्राचीं पातीं तुटलेलीं. पहिला विचार असा येतो कीं, टर्बोचार्जर खराब निघाला, नवा बसवावा. परंतु पात्यांवर आदळलें काय? स्पार्क प्लग काढून इंजिन हातानें फिरविलें, तर रोटरच्या एका फेऱ्यांत हवेचे तीन फुत्कार ऐकूं येतात. ते सारखे असले तर ठीक. पण लागोपाठचे दोन दुबळे असले, तर त्या दोन कप्प्यांमधली पट्टी मोडली असावी, कारण एक पट्टी दोन कप्प्यांची राखण करते. तिचाच तुकडा वायूंबरोबर बाहेर जाऊन चक्रावर आदळला. टर्बोचार्जर निर्दोष ठरला.

मग पट्टी बदलावी काय? ती मोडली कां, हा प्रश्न उरतोच. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण क्रमानें न जळतां त्याचा एकदम भडका उडाला, तर त्या हादऱ्यानें पट्टी मोडते. मिश्रणांत पेट्रोल कमी पडणें, दाबलेली हवा अति तापणें, किंवा ठिणगी वेळेपूर्वीं पडणें, हीं त्या भडक्याचीं मुख्य कारणें. आणि पेट्रोल कमी कां पडलें? त्याची नळी तापलेल्या धूरनळीच्या शेजारून नेली होती. पेट्रोल नळींतच उकळलें आणि पंपांत वाफ शिरली. तेव्हां खरा उपाय नळी दूर नेणें आणि मध्यें उष्णता अडविणारा पत्रा बसविणें हा होता. ज्यानें नुसता टर्बोचार्जर बदलला, त्याला तोच दोष पुढच्या उड्डाणांत भेटेल, आणि त्या वेळीं खालीं कदाचित् अरण्य असेल.

उड्डाणांत मापकांकडे लक्ष असेल, तर हा शोध पुष्कळ सोपा होतो. इंजिनांत जाणाऱ्या हवेचा दाब उतरला, तर हवेची नळी निसटली आहे काय, हें प्रथम पाहावें. हवेचा दाब स्थिर, पण पेट्रोलच्या दाबाचा कांटा थरथरत असला, तर वाफेचा संशय घ्यावा. दोन्ही स्थिर असून बाहेर जाणाऱ्या वायूंची उष्णता वाढली, तर ठिणगी तपासावी. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात. जमिनीवर त्यांचीं मंडलें एकामागून एक बंद करून पाहावीं. जें बंद केल्यानें कांहींच फरक पडत नाहीं, तें बहुधा आधींच निकामी झालेलें असतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती लिहून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशानें गेला हें कळत नाहीं.

या इंजिनाच्या इतिहासांतच या पद्धतीचें उत्तम उदाहरण आहे. १९६० नंतरच्या दशकांत हिरोशिमा येथील टोयो कोग्यो कारखान्यांत केनिची यामामोतो यांच्या हाताखालील तंत्रज्ञांना कोठीच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे दिसूं लागले. 'सैतानाच्या नखांच्या खुणा' असें नांव त्यांना पडलें. भिंत अधिक कठीण करावी, असें कोणासहि वाटलें असतें. परंतु मूळ भिंतींत नव्हतें. पट्टी घासत जातांना स्वतःच्या विशिष्ट गतीनें थरथरत होती. पट्टीला आडवीं-उभीं पोकळ छिद्रें पाडतांच तिचें थरथरणें बदललें व ओरखडे थांबले. पुढें ॲल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनची पट्टी तयार झाली, आणि १९६७ सालीं या इंजिनाची कॉस्मो मोटार बाजारांत आली.

अशा अप्रमाणित इंजिनाच्या विमानाला अमेरिकेंत परंपरेनें पहिले ४० तास ठराविक क्षेत्रांत, उतारूंवांचून उडावें लागत आलें आहे. उतावळ्या माणसाला हा नियम जाचक वाटतो. परंतु मोडलेला भाग हा बहुधा गुन्हेगार नसून शेवटचा साक्षीदार असतो. त्याची साक्ष नीट ऐकून घेण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ जमिनीवरच खर्च करणें शहाणपणाचें.