कागद आणि त्यामागची मान्यता

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी कायद्याच्या गोष्टी काढणार, म्हणून आपण मनात हसत असाल. पण निमित्तच तसे घडले आहे. आपल्या शेजारची एक सून पदवीधर. मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर तिने शिक्षिका व्हावयाचे मनात घेतले. एका संस्थेने 'घरबसल्या एका वर्षात शिक्षक पदविका' देऊ केली. तिने भिशीचे पैसे फीपोटी भरले, रात्री जागून अभ्यास केला, प्रमाणपत्र मिळविले. नोकरीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी झाली, तेव्हा हा कागद चालत नाही असे तिला सांगण्यात आले. घरी येऊन ती म्हणाली, "काकू, मी अभ्यास तर खराच केला होता!"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. अभ्यास खरा आणि कागद खोटा, असे कसे होते?

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे ठरवून दिले. केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, यांनाच तो आहे. हा नियम मोडणाऱ्यास त्या कायद्यात दंड ठेवला तो एक हजार रुपयांपर्यंत! फसलेल्या मुलीची फी त्याच्या कितीतरी पट असते.

शिक्षकाच्या बाबतीत आणखी एक दार आहे. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद आली. तिची मान्यता नसलेल्या संस्थेची शिक्षक-पात्रता सरकारी वा अनुदानित शाळेतील नोकरीस ग्राह्य धरली जात नाही. २०१० पासून पहिली ते आठवीसाठी टी.ई.टी. परीक्षाही आली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड. हवे. म्हणजे मान्यताप्राप्त पदवीदेखील चुकीच्या दारी नेली तर उपयोगाची नाही.

आडवाट मुळीच नव्हती असे नाही. नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना पात्र होण्यासाठी सरकारने ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली होती. त्या मुदतीचा दाखला देऊन आज कोणी नव्या मुलीकडून फी मागत असेल, तर तिने सावध व्हावे. घरबसल्या शिकणेही वाईट नव्हे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली कायद्यानेच स्थापन झाले आहे.

येथे कोणी विचारील, मान्यता नसलेले सारेच खोटे काय? मुळीच नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिकून आपल्या आज्या-पणज्या 'गृहीतागमा' झाल्या. त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९५१ साली, पस्तीस वर्षांनी. म्हणून त्यांचे शिक्षण हलके होते, असे कोण म्हणेल? पण आपली पदवी सरकारमान्य नाही, ही गोष्ट तेथे झाकलेली नव्हती. आजचा दुकानदार नेमकी तीच झाकतो. 'अखिल भारतीय' अशी मोठी पाटी लावतो, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा क्रमांक दाखवितो. ती नोंदणी न्यासाची असते. पदवीचा तिच्याशी काही संबंध नाही.

तेव्हा भगिनींनो, फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा कागद देण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या कायद्याने मिळाला? आणि अध्यापक परिषदेच्या मान्यतेचा आदेश कोठे आहे? मिळालेले उत्तर जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात पडताळून घ्या. आपल्या मंडळातील दोघी-तिघींनी अशा मुलींबरोबर तेथवर जाण्याचे काम अंगावर घ्यावे, ही माझी विनंती.

आणि जी फसली तिला नावे ठेवू नका. लाजेने ती गप्प राहिली, तर पुढची मुलगी त्याच दारी फी भरावयास जाते. आपल्या शेजारच्या सुनेने आता मान्यताप्राप्त अध्यापक विद्यालयात नव्याने प्रवेश घेतला आहे. दोन वर्षे तिचा मुलगा दुपारी आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी जेवेल, एवढे आपण पाहू या.