यंत्र नवे, बडगा जुनाच
(शिर्डी येथील भाषण)

साथींनो, मोबाईल आला म्हणजे मोकळेपणा आला, हा भ्रम होय. २०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि त्या पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरविले. पुढे दोनच महिन्यांत याच शिर्डीत डॉ. आंबेडकरांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून झालेल्या वादात दलित तरुणाची हत्या झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. न्यायालय कलम रद्द करते. जातीचा अहंकार रद्द करणे त्याच्या हाती नाही. निकालपत्रात मिळालेले स्वातंत्र्य गल्लीत संघटनेनेच राखावे लागते.