पाहुणा आणि शेजारी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत आणि विषयही ठरवून मिळाला आहे : ‘तू पुण्यात त्या परदेशी लोकांचं नेमकं काय करतेस, ते एकदा नीट सांग.’ आपल्या ग्रुपवर याबद्दल तीन मतं आहेत. एक, मी एजंट आहे. दोन, मी दुभाषी आहे. तीन, पुण्यातली घरभाडी माझ्यामुळे वाढली. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, तिसऱ्यात सगळ्यात कमी.

बारावीनंतर मी पुण्याला गेले आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तेव्हा इथं सगळ्यांनी विचारलं होतं, ‘जर्मन शिकून करणार काय?’ उत्तर माझ्याकडेही नव्हतं. पण १९९४ नंतर मर्सिडीज-बेंझ पुण्यात आली, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला, त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी जर्मन कंपन्या आल्या. कंपनी आली की तिचे इंजिनिअर येतात आणि इंजिनिअर आला की त्याची बायको, मुलं आणि कधीकधी मांजरही येतं. या सगळ्यांचं बिऱ्हाड पुण्यात लावून देणं हे माझं काम. कार्डावर त्याला ‘रिलोकेशन’ म्हणतात. मी आईला सांगताना ‘बिऱ्हाड लावते’ असंच सांगायचे आणि तिला ते लगेच कळायचं.

बिऱ्हाडाची सुरुवात कागदांपासून होते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला भारतात उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. पूर्वी त्यासाठी फोटो आणि झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन पोलीस आयुक्तालयात बसावं लागे, आता अर्ज ऑनलाइन होतो. नोंदणीला पत्ता लागतो. पत्त्यासाठी घराचा करार लागतो. आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो करार लेखी आणि नोंदवलेलाच असावा लागतो. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाला २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. हे ऐकून निम्मे घरमालक म्हणतात, ‘ताई, नकोच ते.’ बँक म्हणते, आधी पत्त्याचा पुरावा आणा. मालक म्हणतो, आधी बँकेतून डिपॉझिट टाका. या चक्रातून माणसाला बाहेर काढण्याचे मला पैसे मिळतात.

मग येतात बारीकसारीक गोष्टी. जर्मनीत आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज आहे, त्यामुळे त्यांची यंत्रं इथं चालतात. जपानमध्ये १०० व्होल्ट. जपानी कुटुंबानं जिवापाड सांभाळून आणलेला भाताचा कुकर आपल्या प्लगात थेट लावला तर गेलाच म्हणायचा. पत्त्याचं मात्र उलटं. ‘मारुतीच्या देवळासमोर, पेट्रोल पंपाच्या मागं’ असा पत्ता ऐकला की जर्मन माणूस हबकतो, कारण त्याला रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर हवा असतो. जपानी माणसाला त्यात फार नवल वाटत नाही, कारण त्यांच्याकडेही बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणजे किती वेळ, प्लंबरनं मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून, उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचे टँकर का येतात, कामवाल्या मावशींना दिवाळीला काय द्यायचं, हे सगळं मी शिकवते. महिन्या-दीड महिन्यात घर लागतं, मुलं शाळेत जायला लागतात आणि माझ्या तक्त्यात त्या कुटुंबासमोर ‘पूर्ण’ अशी खूण होते.

आज मला सांगायचंय ते या खुणेनंतरचं. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. घर लागतं महिन्यात, माणूस लागायला फार वेळ लागतो. काही जण तीन वर्षं राहूनही लागत नाहीत. आणि त्यात आपल्या पाहुणचाराचा वाटा मोठा असतो.

दोन प्रकारची माणसं मी पाहते. कंपनीच्या इंजिनिअरला गाडी असते, ड्रायव्हर असतो, भाजी घरी येते, काही अडलं तर ऑफिसातला कुणीतरी फोन करतो. दुसरे परदेशी विद्यार्थी. पुण्यात इराण, येमेन, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतल्या देशांमधून मुलं शिकायला येतात. त्यांच्यासाठी कुणी मला पैसे देत नाही. त्यांना घर नाकारणारे मालक मी पाहिले आहेत, त्यांच्याकडून जास्त भाडं घेणारेही पाहिले आहेत. ते काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही. पण त्यातलाच एखादा मुलगा तीन महिन्यांत कोथरूडला कोणती बस जाते ते सांगतो, भाजीवाल्याशी ‘भाऊ, कितीला?’ म्हणून घासाघीस करतो आणि खोलीतल्या मित्राला ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं हे त्याला पाठ असतं. इंजिनिअरला दोन वर्षांनीही विचारलं, ‘तुमच्याकडे दूध कुठून येतं?’ तर तो ड्रायव्हरकडे बघतो. हाल झालेले चांगले, असं मी म्हणत नाही. पण ज्याचं प्रत्येक काम दुसराच करतो, त्याला शहर गाडीच्या काचेतूनच दिसत राहतं.

आणि सगळ्यात अवघड जागा असते इंजिनिअरच्या बायकोची. नवऱ्याचा व्हिसा नोकरीचा असतो, हिचा त्याच्यासोबत आलेली म्हणून. त्यावर नोकरी करता येत नाही. तिकडे ती शिक्षिका असते, फार्मसिस्ट असते, बँकेत असते. इथं विमानतळावर उतरल्या क्षणापासून ती ‘मॅडम’ होते. मॅडम, तुम्ही बसा.

बाणेरच्या एका सोसायटीतली एक जर्मन बाई मला आठवते. पहिल्या वर्षी सोसायटीनं तिला डोक्यावर घेतलं. गणपतीत आरतीचं ताट तिच्या हातात, दिवाळीत घरोघरी फराळ, हळदीकुंकवाला पहिली ओटी तिची, फोटोत मधोमध तीच. ती हरखून गेली होती. दुसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा ती म्हणाली, ‘इथं सगळे माझ्याशी चांगले वागतात. पण मी चार दिवस दिसले नाही तर कुणाचं काही अडत नाही.’ घरी परत जायचं ती ठरवत होती. नवरा राहणार होता, ती मुलांना घेऊन जाणार होती. यात संसार मोडतात, मी मोडलेले पाहिले आहेत.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले. म्हटलं, यांना काहीतरी काम द्या. ते दचकले. ‘अहो, त्या पाहुण्या! त्यांना काम कसं सांगायचं?’ त्या सुमारास त्यांच्याकडे कचऱ्यावरून रोज भांडणं चालली होती. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार कचरा गोळा करतात. ओला आणि सुका वेगळा दिला नाही तर तो त्यांना हातानं निवडत बसावं लागतं. सोसायटीत निम्मी घरं वेगळा देत नव्हती. आता कचरा वेगळा करणं जर्मन माणसाला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. ते काम या बाईंकडे गेलं.

पहिला महिना वाईट गेला. तिनं दारावर चिठ्ठ्या लावल्या, लोक चिडले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तिला मराठीत झाडलं, तिनं त्यांना जर्मनमध्ये उत्तर दिलं. मला फोन आला तेव्हा मला वाटलं, आता ही जातेच. पण ती जोरजोरात हसत होती. म्हणाली, ‘आज पहिल्यांदा इथं कुणीतरी माझ्याशी भांडलं!’ पुढं ‘ओला’, ‘सुका’, ‘उद्या नाही, आज’ हे तिचे पहिले मराठी शब्द झाले. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी तिला चहा प्यायला खाली बसवलं. ती आणखी दोन वर्षं राहिली. तिच्या निरोपाला ते आजोबा स्वतः आले आणि म्हणाले, ‘आता आमच्या कचऱ्याकडे कोण बघणार?’ त्यांनी हार आणला नव्हता. तिला त्या वाक्याचा अर्थ मी सांगितला तेव्हा ती रडली.

आपण पाहुणचारात पटाईत आहोत. पाहुण्याला ताटावरून उठून पाणीही घेऊ देत नाही. दोन दिवसांसाठी ते फार छान असतं. पण दोन वर्षं पाहुणा होऊन राहणं ही शिक्षा आहे. पाहुण्याला कुणी रागवत नाही, कुणी त्याला किल्ली सांभाळायला देत नाही, त्याच्याकडे वाटीभर साखर मागत नाही. शेजाऱ्याकडे मागतात.

हे आपल्या शाळेत आपल्या गुरुजनांना कुणी न शिकवता ठाऊक होतं. सातवीपर्यंतच्या शाळा वाड्यावस्त्यांवर होत्या. आठवीला निम्मा वर्ग बाहेरगावाहून एस.टी.नं यायचा, बावरलेला, मागच्या बाकावर बसणारा. आपल्या वर्गशिक्षकांनी त्या मुलांचे कधी लाड केले नाहीत. पहिल्या आठवड्यातच एकाकडे घंटा आली, एकाकडे माठ भरायचं काम, एकीकडे फळ्यावर सुविचार लिहायचं. माठ रिकामा राहिला की सगळा वर्ग त्याच्या नावानं ओरडायचा. आणि सगळा वर्ग ज्याच्या नावानं ओरडतो, तो परगावचा कसा राहील? ती माठवाली मंडळी आज इथं पहिल्या रांगेत बसली आहेत आणि जेवणाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडेच आहे.

आता जरा आपल्याबद्दल. आपल्यापैकी अनेकांची मुलं बाहेर आहेत. जर्मनीत गेलेल्या मुलांचे आईवडील मला फोन करतात, ‘तिथं त्याला कुणी विचारत नाही गं.’ तिथंही घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो आणि घरमालकाचा दाखला जोडावा लागतो. फरक इतकाच की हा नियम तिथं जर्मन माणसालाही लागू आहे. तिथं फराळ घेऊन कुणी दारात येणार नाही, हे खरं. पण गावोगावी खेळाचे, गाण्याचे, बागकामाचे संघ असतात आणि त्यात नाव घातलं की खुर्च्या लावायचं काम नव्या माणसाकडे हमखास येतं. म्हणून मी त्या आईवडिलांना सांगते, मुलाला ‘जेवलास का’ विचारा, आणि त्याच्याबरोबर एवढंही विचारा, ‘तुझ्याकडे तिथं कुठलं काम आहे? ऑफिसचं सोडून.’

आणि शेवटचं, जे बोलायला मला जरा जड जातंय. आपण पन्नाशी ओलांडली. पुढच्या दहा वर्षांत परक्या शहरात बिऱ्हाड लावायची पाळी आपल्यावर येणार आहे. गावातलं घर बंद होईल आणि आपण वाकडला, बंगळूरला नाहीतर मुलीकडे म्युनिकला जाऊ. आपले काही शिक्षक आजच तसे राहतात. मुलं चांगली आहेत. ती म्हणतील, ‘आई, तू बस. बाबा, तुम्ही आराम करा.’ अकराव्या मजल्यावर, खिडकीपाशी, सगळं हातात मिळेल. आपल्या स्वतःच्या मुलांच्या घरी आपण मॅडम होऊ, साहेब होऊ.

तेव्हा कृपा करून बसू नका. पहिल्या आठवड्यातच काहीतरी मागून घ्या. नातवाला बसथांब्यावर सोडणं, सोसायटीच्या टाकीकडे लक्ष ठेवणं, खालच्या मुलांचे पाढे घेणं, काहीही. जरा चुकलं तर लोक बोलतील, बोलू द्या. आणि तुमच्यातलं कुणी पुण्याला येणार असेल तर मला जरूर कळवा. करार, नोंदणी, गॅस, सगळं करून देईन, वर्गमित्र म्हणून एक रुपयाही घेणार नाही. पण महिन्याभरानं मी तुमच्या सेक्रेटरींना फोन करून तुमचं नाव कामाला लावणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.