क्रोधाला सूर्यास्ताची मर्यादा



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत. राग आवरणे ही शिक्षकाची नित्याची परीक्षा. म्हणून आज ख्रिस्ती दृष्टीतून क्रोधाचा विचार मांडतो.

येशूने गिरिप्रवचनात हत्येबरोबर मनातल्या क्रोधाचाही झाडा घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 5 व्या अध्यायात तो सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. सल भावाच्या मनात आहे. पाऊल मात्र आपण उचलायचे आहे! पौलाने इफिसकरांना लिहिताना राग नाकारला नाही, त्याला सूर्यास्ताची मुदत घातली.

आपल्या साहित्यात याचे जिवंत उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते किती शीघ्रकोपी होते, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त कसलाही आडपडदा न ठेवता आले आहे. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पुढे दोघे एकत्र आले, तेव्हा लक्ष्मीबाई आपले सोवळे पाळीत होत्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. टिळकांचा स्वभाव पालटला असे नव्हे. पण तापट माणूसही प्रेमापोटी थांबायला शिकतो, हे मला मोलाचे वाटते.

मी ख्रिस्ती नाही. तरी या शिकवणीची कसोटी माझ्यावरही आली. 1986 साली कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाने बेळगाव पेटले होते. त्या दिवसांत निपाणीत एका कन्नडभाषक स्नेह्याशी वाद झाला आणि त्यांच्या भाषेविषयी बोलू नये ते मी बोललो. माझी मागणी न्याय्य होती, शब्द नव्हते. अकरा वर्षे आम्ही एकाच रस्त्याने मान वळवून गेलो. त्यांच्या पत्नी निवर्तल्याचे कळले, तेव्हा मी त्यांच्या दारात उभा राहिलो. मराठीच्या या प्राध्यापकाला क्षमेचे दोन शब्द सुचेनात. त्यांनी मुकाट्याने खुर्ची पुढे सरकवली.

सीमाप्रश्नावरचे आमचे मतभेद तसेच राहिले, अबोला संपला. अन्यायाविरुद्धचा संताप सोडा, असे मी सांगत नाही. त्या संतापात माणूस हरवू देऊ नका, एवढेच सांगतो. माझे किती सूर्यास्त वाया गेले! तुमचे जाऊ नयेत, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.