दात दुखतो, हे त्याने सांगावे कसे?

बेंगळुरूतील मराठी पालकहो,

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर पुरेसा ताबा न राहणे, ही अवस्था असलेली आपली मुले आता वयात येत आहेत. लहानपणी मांडीवर घेऊन त्यांचे दात घासता येत होते. पंधराव्या वर्षी मूल अंगाने भरते, जबडा घट्ट मिटतो आणि हळूहळू सकाळची चूळ तेवढी उरते. या वयात अक्कलदाढा सोडल्या तर बहुतेक कायमचे दात आलेले असतात. ते गेले की पुन्हा येत नाहीत.

गिळायला वेळ लागत असल्याने मऊ भात, नाचणीची आंबील, केळे गालाच्या कडेला बराच वेळ साचून राहते. जठरातील आम्ल वारंवार वर येत असेल तर दातांचे कवच झिजते. फिट्सवरील फेनिटॉइन या औषधाने काही मुलांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते एक दिवसही बंद करू नये.

दात घासण्यापूर्वी मुलाला तसे सांगावे. या वयात परवानगी विचारलेली त्यालाही आवडते. त्याला खुर्चीत बसवून आपण मागे उभे राहावे, डोके आपल्या अंगाशी टेकवावे आणि हनुवटी किंचित खाली ठेवावी. मान मागे झुकल्यास पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. लहान डोक्याचा मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट दिवसातून दोनदा वापरावी. चूळ भरता येत नसेल तर फेस ओल्या कापडाने टिपून घ्यावा. दातांच्या मध्ये बोट घालू नये; जबडा अचानक मिटतो, त्यात मुलाचा दोष नसतो. हात थोडा चालत असेल तर ब्रशच्या दांड्याला सायकलची रबरी मूठ बसवून तो त्याच्याच हाती द्यावा व राहिलेले आपण पूर्ण करावे.

जेवण नाकारणे, गालावर हात मारणे, रात्री झोप मोडणे, हातपाय एकाएकी अधिक ताठणे, या सर्वांना घरात ‘हट्ट’ असे एकच नाव पडते. ते नाव देण्यापूर्वी टॉर्च लावून दाढा पाहाव्यात. मूल संवादफलक वापरत असेल तर त्यावर दुखऱ्या दाताचे चित्र असलेच पाहिजे. आपल्या घरी मराठी आणि दवाखान्यात कन्नड, म्हणून चित्राखाली दोन्ही भाषांत लिहावे. कन्नडमध्ये दातदुखीला ‘हल्लु नोवु’ म्हणतात.

दर सहा महिन्यांनी, काही दुखत नसतानाच, तपासणी करावी. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र तयार ठेवावे. पहिल्या भेटीत मूल नुसते खुर्चीत बसून परतले तरी चालेल. डॉक्टरांनी प्रश्न आपल्याला नव्हे, मुलाकडे पाहून विचारावेत, अशी विनंती करावी. उत्तराला वेळ लागेल. तेवढा थांबण्याचा आग्रहही धरावा.