सांदण दरीत उतरण्याआधी

परतूरहून सह्याद्री तसा लांबच. तरी इथून रेल्वेनं जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करत इगतपुरी गाठता येते. पुढे घोटी, भंडारदरा आणि रतनगडाशेजारचं साम्रद. या गावाजवळ जमीन अचानक दुभंगते. तीच सांदण दरी.

दोन्ही अंगांना बेसॉल्टचे सरळसोट कडे, तळाशी ऊन जेमतेम पोचतं. वाटेत गारठलेले डोह लागतात, म्हणून सुके कपडे आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनच न्यावेत. खालचे टप्पे दोरानंच उतरायचे. हेल्मेट, हार्नेस आणि जाणता वाटाड्या, यांत तडजोड नकोच.

आल्प्समधल्या चुनखडीच्या घळींत बर्फ वितळून आलेलं पाणी असतं. तिथं निओप्रीनच्या जाड पोशाखाशिवाय उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. पण थंडीपेक्षा धोका लोंढ्याचा. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, इंटरलाकेनजवळच्या सॅक्सेटेनबाख घळीत वरच्या डोंगरातल्या वादळी पावसाचा लोंढा आला आणि २१ जण दगावले. त्यांत वाटाडेही होते.

सांदणमध्येही पावसाळ्यात उतरू नये, हिवाळा बरा. माघारी फिरण्याची शेवटची जागा कोणती, हे वाटाड्याला निघण्याआधीच विचारावं, कारण दोर एकदा खाली ओढून घेतला की त्या कड्यावरून वर परतता येत नाही.