छातीतलं अवधाण

जेवणंखाणं उरकून, भांडी पालथी घालून रेडिओजवळ बसलेल्या माणच्या आणि आटपाडीच्या सगळ्या आयाबायांना आमचा नमस्कार.

आज एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. पायात काटा मोडला आणि जखम चिघळली, की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आलं. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असं का?

आपल्या अंगात रक्ताच्या नळ्या आहेत, तशा दुसऱ्या फार बारीक नळ्याही आहेत. त्यांतून पातळ पाण्यासारखी लसिका वाहते. वाटेत घेवड्याच्या बीएवढ्या ग्रंथी असतात. ओढ्यावर एकाखाली एक बंधारे असले, की वरून आलेला गाळ आधी पहिल्या बंधाऱ्यात साठतो. तसंच जखमेतलं जे काही वाहत येतं, ते आधी जवळच्या ग्रंथीत अडतं. ती सुजते. तेच अवधाण.

अशा ग्रंथी फुप्फुसालाही आहेत. काही फुप्फुसाच्या आत आणि मुळाशी, काही छातीच्या मधोमध श्वासनळीच्या आजूबाजूला. त्या हाताला लागत नाहीत. फुप्फुसात कॅन्सर झाला, तर त्याच्या पेशी अनेकदा आधी या ग्रंथींत जातात. म्हणून ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर त्या काढून तपासायला पाठवतात.

हा विषय आज घेण्याचं कारण आमच्यातलंच आहे. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई. उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही, पण चुलीपुढं चाळीस वर्षं गेली. खोकला सुरू झाला तेव्हा घरच्यांना वाटलं धुरानं असेल, मग वाटलं टीबी असेल. शेवटी सीटी स्कॅन झाला, तुकडा तपासला आणि कॅन्सर निघाला. आजार सुरुवातीचा होता. शहरात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, “गाठ निघाली.” घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सोडताना सांगितलं होतं, दहा दिवसांनी रिपोर्ट न्यायला या. पण ज्वारीची काढणी आली. गाठ तर निघालीय, आता कागदासाठी कोण जाणार? तीन महिन्यांनी रिपोर्ट आणला. त्यात लिहिलं होतं, अकरा ग्रंथी तपासल्या, दोनमध्ये कॅन्सर सापडला. पुढचं औषध एव्हाना सुरू व्हायला हवं होतं.

मैत्रिणींनो, आमचं आजचं सांगणं एवढंच आहे. गाठ निघाली म्हणजे काम संपलं नाही. ग्रंथींचा रिपोर्ट हातात येऊन डॉक्टरांनी तो वाचला, की मग ऑपरेशन पुरं झालं.

कोणी म्हणेल, एवढे महागडे स्कॅन आधी केले, त्यात दिसत नाही का? दिसतं, पण पुरतं नाही. आपल्या भागाला टीबी नवा नाही. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढावं लागलं होतं, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. टीबीनंही छातीतल्या ग्रंथी सुजतात आणि पेट स्कॅनमध्ये त्या कॅन्सरसारख्याच चमकतात. म्हणजे सुजलेली ग्रंथी कॅन्सरचीच असेल असं नाही. आणि जी सुजलेली नाही, तिच्यात चार पेशी लपलेल्या असू शकतात. म्हणून ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघावीच लागते.

ऑपरेशन चालू असतानाही एक तपासणी करता येते. तिला फ्रोझन सेक्शन म्हणतात. काढलेली ग्रंथी लगेच गोठवतात, तिचा कागदाहून पातळ काप घेतात, रंग देऊन बघतात आणि साधारण अर्ध्या तासात ऑपरेशन थिएटरला निरोप देतात. गाठ लहान असेल, तर फुप्फुसाचा छोटा भाग काढून भागतं. पण ग्रंथीत कॅन्सर निघाला, तर जास्त भाग काढायचा का, हे डॉक्टर तिथंच ठरवू शकतात. मात्र घाईच्या तपासणीत बारीकसं काही निसटू शकतं. म्हणून पक्का रिपोर्ट काही दिवसांनी येतो, आणि तोच खरा धरायचा.

यात एक गोष्ट आम्हाला फार लागली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठीजवळ निळा रंग टोचतात. तो वाहत काखेतल्या ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचतो, ती काढून तपासतात. फुप्फुसातही डॉक्टरांनी हे करून पाहिलं. पण वर्षानुवर्षं धूर गेलेल्या छातीतल्या ग्रंथी काजळीनं काळ्या झालेल्या असतात. काळ्यावर निळा दिसणार कसा? आता खास कॅमेऱ्याखाली चमकणारा हिरवा रंग वापरून पाहतात, पण ती पद्धत अजून सगळीकडे रुळलेली नाही. म्हणून सर्जन छातीतल्या ठरलेल्या जागांवरच्या ग्रंथी काढतात आणि कुठली कुठून काढली, ते लिहून पाठवतात. आपली चूल तव्याच्या बुडाला दिसते, तशी ती आत ग्रंथींवरही बसते. लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ‘बहुधा कॅन्सर करणारा’ ठरवलं आहे. बिडी-सिगरेट तर नक्कीच करते.

ग्रंथीत कॅन्सर निघाला, तर आजाराचा टप्पा बदलतो. पहिला वाटलेला आजार दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात धरतात. याचा अर्थ आशा सोडायची असा नाही. पुढं औषध द्यायचं, म्हणजे बहुतेक वेळा केमोथेरपी. ती साधारण दीड-दोन महिन्यांत सुरू व्हावी लागते. काढलेल्या गाठीची जनुकीय तपासणीही करतात. बिडी न ओढलेल्या बायकांत एक बदल बऱ्याचदा सापडतो आणि त्यावर गोळ्या आहेत.

घरातल्या कुणाचं असं ऑपरेशन झालं, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. न लाजता विचारा. किती ग्रंथी काढल्या? छातीतल्या कुठल्या कुठल्या जागेच्या? त्यांतल्या कितीत कॅन्सर निघाला? उत्तरं वहीत लिहा. रिपोर्टची झेरॉक्स काढून पिशवीत ठेवा. फाइल बहुतेक घरांत बाईच सांभाळते, म्हणून हे तुम्हाला सांगतोय.

खर्चाची धास्ती असेल, तर योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. ती फुकट होते. टीबीची औषधं चालू असूनही फरक पडत नसेल, तर थांबू नका. छातीचा फोटो, लागला तर सीटी स्कॅन, पुढं जायचं.

आमच्या मैत्रिणीच्या सासूबाईंचं औषध आता चालू आहे. उशिरा सुरू झालं, पण चालू आहे. परवा त्याच म्हणाल्या, “माझं रेडिओवर सांगा, नाव नका घेऊ, पण कागद आणायला जा म्हणावं.”

तेवढं करा. नमस्कार.